कामाचा हात

रोह्याच्या डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकावर बसून मी जेवढं वैद्यकशास्त्र शिकले, तेवढं गणित माझ्या नववीच्या वर्गाने माझ्याकडून कधी शिकलं नसेल. मी पेणच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. नवरा गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखतो. घरात मी त्याला ‘अहो’ म्हणते, पण इथे ‘तो’ म्हणणार आहे, कारण ‘अहो’ म्हणून मला त्याच्यावर नीट रागावता येत नाही. आणि या हकिकतीत रागावण्यासारखं बरंच आहे.

त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा पेणमध्ये सकाळची पाळी मिळेना. रोहा माझं माहेर. भावाचं घर सेंटरपासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणून आठवड्यातून तीनदा रामवाडीला जाऊन एसटी पकडायची, गडबची भातशेती आणि नागोठण्याची खिंड मागे टाकत रोह्याला पोचायचं, आणि चार तास मशीनला लावून परत यायचं, असं सुरू झालं. शनिवारी मी जायची. एरवी सासरे जायचे. सासऱ्यांनी आयुष्यात आपला मूर्तींचा कारखाना सोडून कुठे सलग तासभर बूड टेकलं नव्हतं. ते त्या बाकावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवायला शिकले.

डायलिसिसच्या हॉलमध्ये आजाराबद्दल कुणी फारसं बोलत नाही, असा माझा अनुभव आहे. बोलतात ते नव्या उपचारांबद्दल. नवऱ्याच्या शेजारच्या खाटेवर खाडीकडच्या गावातले एक काका असायचे. त्यांच्या तीन पिढ्या मिठागरावर राबलेल्या. त्यांच्या मोबाईलवर रोज काहीतरी नवीन यायचं. पट्ट्यासारखी कमरेला बांधायची किडनी. प्रयोगशाळेत वाढवलेली किडनी. एकदा तर अमेरिकेत माणसाला डुकराची किडनी बसवल्याचा व्हिडिओ. तो सगळ्या हॉलमध्ये फिरला. सासरे म्हणाले, देवाने वराह अवतार घेतलाच होता की, त्यात काय. काका म्हणाले, “मना कोनाची पन चालंल. फकस्त पोटभर पानी पिवाला मिलूदे.” सगळे हसले, कारण तहान सगळ्यांना सारखी होती. दिवसाला मोजून पाणी पिणाऱ्या माणसांचं हसणं मी तिथे ऐकलं आणि मला ते आवडलं.

प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी मात्र एकच प्रश्न यायचा, खर्च किती. त्याचं उत्तर व्हिडिओत नसायचं. मग काका मोबाईल उशीखाली सरकवायचे आणि विषय भाताच्या भावावर जायचा.

आमचा व्हिडिओ आम्हाला मोबाईलवर नाही, डॉक्टरांच्या तोंडून मिळाला. मुंबईहून दर पंधरा दिवसांनी येणारे एक किडनीचे डॉक्टर होते. मी सुरुवातीलाच माझी किडनी द्यायची तयारी दाखवली होती. यात माझा काही मोठेपणा नाही. त्या बाकावर माझ्या आजूबाजूला बसलेल्या निम्म्या बायकांनी नवऱ्याला किडनी द्यायची तयारी दाखवली होती, आणि आतल्या बायकांसाठी कुठला नवरा पुढे आलाय ते मी बारकाईने पाहत होते. तो वेगळा विषय आहे. तर माझा रक्तगट बी आणि नवऱ्याचा ओ, म्हणून आधी दार बंद झालं होतं. पण डॉक्टर म्हणाले, आता रक्तगट जुळत नसला तरी करता येतं. आधी रक्तातली विरोध करणारी द्रव्यं धुऊन काढायची, औषधं द्यायची, मग किडनी बसवायची. ज्यांचं झालंय ते चांगले हिंडताफिरताहेत.

मी खर्च विचारला. साध्या प्रत्यारोपणाच्या जवळजवळ दुप्पट. डायलिसिस सरकारी योजनेत फुकट होत होतं, पण रक्त धुण्याचा तो एकदाच वापरायचा फिल्टर योजनेत बसत नव्हता. शिवाय नंतरची औषधं जन्मभर, दर महिन्याला. घरी येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत हिशेब करत होते आणि नवरा झोपेचं सोंग घेऊन बसला होता.

तरी आम्ही ठरवलं. मी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, पाटल्या मोडल्या. भावाने त्याच्या कंपनीच्या सोसायटीतून कर्ज काढून दिलं आणि बायकोला न सांगता दिलं, हे मला तिच्याकडूनच कळलं. सासऱ्यांनी कारखान्याच्या नफ्यातला मोठा वाटा बाजूला काढायचं कबूल केलं. बँकेत वेगळं खातं उघडलं. नवरा त्याला ‘किडनीचं खातं’ म्हणायचा. आणखी एक सीझन चांगला गेला की रक्कम पुरी होणार होती. मी मनातल्या मनात दिवाळीनंतरची रजाही टाकून ठेवली होती.

आता हाताबद्दल सांगायला हवं.

माझा नवरा डावखुरा आहे. जेवतो उजव्या हाताने, नमस्कार दोन्ही हातांनी करतो, पण ब्रश धरतो तो डाव्या हातात. लहानपणी सासऱ्यांनी त्याला उजव्या हाताने आखणी शिकवायचे सगळे उपाय केले. बोटं वळली, डोळे वळले नाहीत. शेवटी सासऱ्यांनी तह केला. देवाचे डोळे डाव्या हाताने काढायचे ते पडद्यामागे. गिऱ्हाईक कारखान्यात आलं की ब्रश उजव्या हातात घ्यायचा आणि मूर्तीच्या पाटावर रंग मारत बसायचं. डावा हात देवाच्या कामाला चालत नाही, प्रसादसुद्धा त्या हाताने घेत नाहीत, मग त्या हाताने काढलेले डोळे कोण घरी नेईल, असं त्यांचं म्हणणं. विचारलंच कुणी तर सांगायचं, उजवा. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही महिनाभर पत्ता नव्हता. मला वाटायचं, हा माणूस फक्त पाटच रंगवतो आणि डोळे कुणीतरी दुसराच काढतो. कळल्यावर मी खूप हसले होते. सासऱ्यांना माझं ते हसणं अजिबात आवडलं नव्हतं.

डायलिसिस सुरू होताना मनगटाजवळ दोन शिरा एकमेकींना जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. तिथूनच रक्त मशीनमध्ये जातं आणि परत येतं. बोट ठेवलं तर आत बारीक घरघर लागते. हा जोड सहसा कामाच्या हातावर करत नाहीत, दुसऱ्या हातावर करतात. त्या दिवशी मी खाली औषधांच्या दुकानात रांगेत होते. वर आले तर सर्जन पाहून गेले होते आणि नवऱ्याच्या डाव्या हातावर पेनाने खूण केलेली होती. मी म्हटलं, हे काय? सासरे भिंतीकडे बघत म्हणाले, “विचारलंनी, कामाचा हात कोणता. उजवा सांगितलं.”

मी तिथेच बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी बोलले. नवऱ्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, असू दे, जोड झाला तरी हात काय तुटत नाय, ब्रश कुठे पाच किलोचा असतो. हेही खरंच होतं. सर्जननेही नंतर सांगितलं की जड उचलायचं नाही, बाकी हलकं काम चालेल. मग मी गप्प बसले. सासऱ्यांशी मात्र आठवडाभर कामापुरतंच बोलले.

काही महिने बरे गेले. मग त्याची डाव्या हाताची बोटं गार पडायला लागली. चैत्रातल्या उन्हात, पेणच्या त्या घामट हवेत, माझ्या नवऱ्याची बोटं फ्रीजमधून काढल्यासारखी. करंगळीची संवेदना गेली. ब्रश धरला की टोक थरथरायचं. जोडातून रक्त परस्पर निघून जातं आणि बोटांपर्यंत पुरेसं पोचत नाही, असं काहींना होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्याने कुणाला सांगितलंच नाही. ऊबेला हात काखेत घालून बसायचा आणि विचारलं तर म्हणायचा, सवय.

आषाढात आखणीचं काम अंगावर आलं तेव्हा ते लपलं नाही. कारखान्यात ओळीने शाडूच्या मूर्ती, रंगकाम झालेलं, फक्त डोळे नाहीत. त्याने डाव्याने रेष ओढली आणि ती भुवईपर्यंत गेली. पुसली, पुन्हा ओढली. मग उजव्याने प्रयत्न केला. माझं हसणं सासऱ्यांना आवडत नाही हे ठाऊक असूनही मला हसू आलं, कारण तो गणपती चक्क आपल्याच सोंडेकडे रोखून बघत होता. नवराही हसला. मग त्याने ब्रश पाण्यात ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. माझं हसणं तिथेच संपलं. मी त्याच्या मागे गेले नाही.

त्या वर्षी डोळे बाहेरच्या माणसाकडून काढून घेतले. तो हजेरीवर नाही, मूर्तीवर पैसे घेतो आणि सीझनला तोंडाला येईल तो भाव सांगतो. कारखान्याचा नफा त्यातच गेला. किडनीच्या खात्यात सीझनचा म्हणून जो आकडा पडायचा होता तो पडलाच नाही.

मग एका शनिवारी मी रोह्याला डॉक्टरांना सरळ सांगितलं की हा माणूस डावखुरा आहे, बोटं गार पडतात आणि ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांनी मिळून लपवलीय. सासरेही त्या दिवशी हट्टाने बरोबर आले होते. डॉक्टरांनी नवऱ्याचा हात हातात घेतला, नखं दाबून पाहिली आणि विचारलं, आधी का नाही सांगितलं. नवरा खाली बघत राहिला. सासरे पुढे झाले. “देवाचं काम हाय, डॉक्टर. डाव्या हातानं करतो असं कुठं सांगायचं?”

डॉक्टर रागावले नाहीत. तेच मला जास्त लागलं. त्यांनी शांतपणे दोन वाटा सांगितल्या. हा जोड बंद करायचा म्हणजे बोटांना रक्त मिळेल, उजव्या हातावर नवा जोड करायचा, आणि तो तयार होईपर्यंत मानेतल्या नळीवरून डायलिसिस. किंवा आहे तसं चालवायचं, पैसे साठवत राहायचं आणि प्रत्यारोपणाची वाट बघायची. ते झालं की जोड लागणारच नाही. पण तोवर बोटांच्या नसा कायमच्या गेल्या तर त्या परत येणार नाहीत. जोड बदलायला योजनेतून मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावता येईल, पण नंबर कधी लागेल ते ते सांगू शकत नव्हते. लवकर करायचं तर खाजगीत.

म्हणजे किडनीच्या खात्यातून.

त्या दुपारी भावाच्या घरी जेवून आम्ही दोघं कुंडलिकेच्या काठावर जाऊन बसलो. सासरे घरीच झोपले होते. मी माझं म्हणणं मांडलं. वर्गात मांडते तसंच, पायरीपायरीने. हाताला पैसे घातले तर किडनी लांबते. किडनी लांबली तर डायलिसिस लांबतं, आणि डायलिसिसवर माणूस किती वर्षं काढतो ते आपण त्या हॉलमध्ये बघतोच आहोत. गेल्या पावसाळ्यातल्या दोन खाटा आता वेगळ्या माणसांच्या आहेत. हात गेला तरी मी आहे, माझा पगार आहे. मला माणूस हवाय.

तो मग म्हणाला, “तू माझा जीव वाचवशील गो. पण मग मी सकाळी उठून करू काय?”

मी म्हटलं, पाट रंगवा. हे मी बोलायला नको होतं असं नाही, मला तेव्हा तसंच वाटत होतं. तो हसला. मग उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं चोळत राहिला, आणि मी त्याचा तो गार हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. चारचौघांत तो एरवी कधी मला हात धरू द्यायचा नाही. मी पुन्हा हिशेब मांडायला गेले आणि मला जमेना. परतताना गडबला एसटी थांबली तेव्हा मी त्याला म्हटलं, खाजगीत करू.

नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात डावा जोड बंद केला. बोटं दोन-तीन दिवसांतच गरम वाटायला लागली आणि आम्हाला वाटलं, सुटलो. पण उजव्या हातातल्या शिरा दमलेल्या होत्या. जोडाचा डावा हात जपायचा म्हणून वर्षभर तपासणीची, सलाईनची प्रत्येक सुई उजव्या हातातच टोचली होती. पहिला जोड धरला नाही. दुसरा कोपराजवळ वर केला. मधे मानेतल्या नळीला जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा भरती. दर वेळी मी बँकेत जायची, स्लिप भरायची आणि कॅशियर बाई माझ्याकडे न बघता पैसे द्यायच्या. शेवटच्या वेळी त्यांनी विचारलं, खातं बंद करायचंय का. मी म्हटलं, नाही, राहू दे.

त्या काळात सासऱ्यांशी मी वाईट वागले असं मी म्हणणार नाही. चहा वेळेवर दिला, पथ्याचं वेगळं आणि त्यांचं वेगळं शिजवलं. पण दर वेळी हॉस्पिटलातून आले की मी त्यांच्या देखत, भिंतीला सांगितल्यासारखं, म्हणायची, एका शब्दाचं मोल किती बघा. ते कोड्यात डोकं घालून बसायचे. त्यांच्या गप्प बसण्याने मला जास्त राग यायचा.

यंदाच्या श्रावणात नवरा पुन्हा आखणीला बसला. करंगळी अजून बधिर आहे, पण ब्रशला करंगळी लागत नाही. पहिल्या दिवशी एकच मूर्ती झाली. दुसऱ्या दिवशी तीन. मी शाळेतून थेट कारखान्यात जाऊन बसायला लागले. कौतुक वगैरे मला जमत नाही, पण त्या मूर्ती माझ्याकडे बघायला लागल्या की माझ्या वह्या तपासायच्या राहून जायच्या, हे कबूल करते.

अशात एक दिवस गडबचे एक जुने गिऱ्हाईक आपली मूर्ती बघायला आले. रस्त्यावर दुकान आहे त्यांचं, आणि वडिलांच्या वेळेपासून त्यांचा गणपती आमच्याकडचा. नवरा नेमका त्यांच्याच मूर्तीचे डोळे काढत होता, डाव्या हाताने. आजारपणाने लवकर दमायचा, म्हणून हल्ली पडद्यामागे जायची उठबस तो टाळायचा. सासरे लगबगीने पुढे झाले आणि सांगायला लागले की उजव्या हाताचं ऑपरेशन झालंय, म्हणून तात्पुरतं या हाताने चाललंय, पण सोवळंओवळं सगळं पाळून.

ते गृहस्थ वाकून मूर्तीकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, “काका, तुमचा पोरगा डावरा हाय ते काय आज कळलंय काय आमाला? आमचे बाबा जाताना सांगून गेले, डोळे त्या डावऱ्याकडनंच काढून घे म्हणून.” मग त्यांनी मूर्ती कधी न्यायची ते ठरवलं, ॲडव्हान्स दिला आणि निघून गेले.

मला आधी काहीच वाटलं नाही. मग एकदम सगळं वाटलं. पाटल्या, फंड, भावाचं कर्ज, मानेतली नळी, त्याचा ताप उतरत नव्हता ती संध्याकाळ. ज्या गोष्टीसाठी हे सगळं घातलं ती गोष्ट गडबच्या दुकानदाराच्या मेलेल्या बापालाही ठाऊक होती. मी सासऱ्यांकडे वळले. या वेळी भिंतीला नाही, त्यांनाच म्हटलं, “बाबा, त्या दिवशी तुम्ही डावा म्हणाला असतात, तर आज माझी किडनी तुमच्या मुलाच्या पोटात असती.”

सासरे ॲडव्हान्सच्या नोटा हातात धरून उभे राहिले.

नवऱ्याने ब्रश मूर्तीपासून जरा लांब धरला, पण मान वळवली नाही. “बाबा बोललेच नव्हते त्या दिवशी,” तो म्हणाला. “डॉक्टरनी मला विचारलं. मीच सांगितलं, उजवा. बाबा डावा म्हणायला गेले, तर मी त्यांना गप्प केलं.”

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते म्हणाले, “असू दे. तुला रागवायला कुणीतरी हवं होतं. आजारी माणसावर कशी रागवणार?” आणि नोटा माझ्या हातात देऊन म्हणाले, त्या खात्यात टाक.

मी नोटा घेतल्या. नवऱ्याने दुसरा डोळा आखायला घेतला.